नोंदवही मुलांच्या हाती

(इनामगाव परिसरातील काम पाहण्यासाठी आलेल्या साहाय्यक मंडळींपुढे केलेले भाषण. वाचकांसाठी थोडे संक्षिप्त करून देत आहोत.)



उन्हातान्हात, एवढ्या लांबून आपण आलात, त्याबद्दल आमच्या सर्व कार्यकर्त्यांच्या वतीने मी आपले आभार मानते. आपल्यापैकी बरेच जण वर्षानुवर्षे या कामाला हातभार लावत आहेत. काही जण महिन्याच्या पेन्शनीतून बाजूला काढून पैसे पाठवतात, हेही आम्हाला ठाऊक आहे. त्या पैशांचे इथे काय होते, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहावे अशी फार दिवसांची इच्छा होती.

आज मला मुलांनी हाती घेतलेल्या पर्यावरणाच्या कामाविषयी बोलायला सांगितले आहे. पण आधी आपण सकाळी घोड नदीच्या काठी जी पांढरीची टेकाडे पाहिली, त्यांच्याविषयी दोन शब्द सांगते. ती पाहून आपल्यापैकी एक भगिनी मला म्हणाल्या, "इथे पाहण्यासारखे काहीच दिसत नाही." खरे आहे. आज तिथे मातीच दिसते. पण या मातीने जे सांगितले ते महाराष्ट्रातल्या फार थोड्या जागांनी सांगितले आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत इथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही मंडळी आणि त्यांचे विद्यार्थी दर हंगामात येऊन माती उकरत, चाळत, लिहून ठेवत. त्यातून एक अख्खे गाव वर आले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ ९०० वर्षे, इथे शेतकरी राहत होते. शंभराहून अधिक घरे सापडली. लोक सातू पिकवत, गहू, मसूर, कुळीथ पिकवत, बोरे खात, गुरे पाळत, नदीत मासे धरत. गावच्या प्रमुखाचे पाच खोल्यांचे घर होते आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. नदीच्या पुराचे पाणी वळवून शेताला देता यावे म्हणून त्यांनी दगडमातीचा बांध घातला होता आणि कालवा खणला होता. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना पाणी अडवण्याची अक्कल होती, हे लक्षात ठेवू या.

पुढे दिवस पालटले. इसवी सनापूर्वी १००० नंतरच्या थरांत मोठी चौकोनी घरे कमी होतात आणि लहान गोल झोपड्या दिसू लागतात. गव्हाचे प्रमाण घटते, शिकार वाढते. स्थिर शेतकऱ्यांचे जिणे हळूहळू भटके होत गेले. पाऊस कमी झाला, असे डॉ. ढवळीकरांचे मत होते. माणसांनीच जमीन आणि रान थकवले असेल, असेही काही अभ्यासक म्हणतात. शेवटी इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.

या गावाचा सर्वांत मोठा पुरावा लेकरांचा आहे. इथे दोनशेहून अधिक दफने सापडली आणि त्यांतली बहुतेक लहान मुलांची आहेत. बाळ गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यांत त्याला निजवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे, अशी रीत होती. आईला आपले मूल घरापासून दूर जाऊ द्यायचे नसावे, असे मला वाटते. ते संशोधकांनी सांगितलेले नाही, माझे मन सांगते. संशोधकांनी त्या बाळांचे दात आणि हाडे तपासून त्यांच्या पोषणाचा अभ्यास केला आहे. शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांच्या हाडांत दिसतात, असे त्यांतल्या काहींचे म्हणणे आहे.

हे मी आपल्याला दुःखी करण्यासाठी सांगत नाही. पाणी आणि धान्य कमी झाले की त्याचा हिशेब मोठी माणसे करतात, पण त्याची किंमत आधी मुले मोजतात. तेव्हा तसे झाले आणि आजही तसेच होते. शिरूर हा अवर्षणप्रवण तालुका. घोड धरणाच्या कालव्याने पुष्कळ शिवार हिरवे केले, ऊस आला, पैसाही आला. पण कालव्यापासून दूर असलेल्या वाड्यांवर आणि वस्त्यांवर फेब्रुवारी उजाडला की हंडे रांगेत लागतात. या पट्ट्यात नदीकाठाने भिल्ल, ठाकर, पारधी कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. विहीर आटली की शेतमजुरी आटते. मग घरातली माणसे वीटभट्टीवर जातात आणि मूल त्यांच्याबरोबर जाते. शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव राहते, मूल नसते.

म्हणून जेव्हा आम्ही ठरवले की मुलांबरोबर पर्यावरणाचे काम करायचे, तेव्हा पहिला प्रश्न असा आला : कोणते काम? आपण सर्वांनी ५ जूनचा कार्यक्रम पाहिलेला आहे. पाहुणे येतात, रोप लावतात, मुले टाळ्या वाजवतात, फोटो निघतो. पुढच्या वर्षी खड्डा तोच, रोप नवे. त्यात कोणाचे मन वाईट असते असे नाही. पण शाळेचे वर्ष आणि झाडाचे वर्ष यांचा मेळ बसत नाही. रोप जूनमध्ये लागते आणि त्याच्या जिवावर बेतते ते मे महिन्यात, जेव्हा शाळेला कुलूप असते. मुलांना तर त्या कार्यक्रमात रांगेत उभे राहण्यापलीकडे काही करायचेच नसते.

मुलांच्या हाती खरे काम कसे द्यावे, याचा धडा आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी घालून दिलेला आहे. पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीण. वारली मुले शाळेत का येत नाहीत, हे या दोघींनी घरोघर जाऊन पाहिले. मुलगी येत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड होते. मुलगा येत नव्हता, कारण त्याला गुरे राखायची होती. तेव्हा त्यांनी भावंडासाठी पाळणाघर, त्याच्याहून मोठ्यांसाठी बालवाडी आणि थोरल्यांसाठी शाळा एकाच जागी आणली. आणि गुराख्यासाठी तर शाळाच कुरणात नेली. तिला नाव दिले कुरणशाळा. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, आणि बिया, पाने, खडे, शिंपले हेच शिकण्याचे साहित्य. परदेशी पद्धतीची महागडी लाकडी साधने त्यांना परवडणारी नव्हती, आणि त्या रानात त्यांची गरजही पडली नाही.

कुरणशाळेपासून मी एवढेच घेतले की जे मूल रानात दिवस काढते, त्याला रानाविषयी पुष्कळ ठाऊक असते. शाळेने ते विचारले पाहिजे. आजवर आपण आदिवासी मुलाला नेहमी शिकवायलाच गेलो. त्याच्या हाती वही देऊन "तू लिही, आम्ही वाचतो" असे फार थोड्या वेळा म्हटले.

आता आमच्या कामाविषयी सांगते. ज्या वस्तीवर मी जाते, तिथल्या प्राथमिक शाळेत चौथीपर्यंतचे वर्ग आहेत. शिक्षकांनी परवानगी दिली, मदतही केली. आम्ही सुरुवात एका वहीपासून केली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तिच्यावर मुलांनी लिहिले : "पावसाची व पाण्याची नोंदवही." आत रकाने आखले : तारीख, नक्षत्र, पाऊस किती, विहिरीचे पाणी किती खाली, आणि शेवटी नोंद करणाऱ्याचे नाव. नक्षत्राचा रकाना मुलांच्या आजोबांनी सुचवला. ते म्हणाले, "तारीख तुमची, पण पाऊस आमचा नक्षत्रानं येतो." रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावे त्यामुळे मुलांना तोंडपाठ झाली.

पाऊस मोजणे अवघड नसते. सरळ बाजूची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा, म्हणजे तो नरसाळ्यासारखा होतो. तळाच्या खोलगट भागात पाणी भरून शून्याची रेघ आखायची आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर पक्की बसवायची. रोज सकाळी ठरल्या वेळी वाचायची, लिहायची, जास्तीचे पाणी ओतून पुन्हा शून्याच्या रेघेवर आणायची. एवढेच. पण हे "एवढेच" रोज करावे लागते, रविवारी आणि दिवाळीतसुद्धा. ज्याची पाळी असेल त्याच्याशिवाय ते होत नाही.

मग गणित आले. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. हे मुलांना खरे वाटेना. त्यांनी अंगणात चौरस आखला, हिशेब मांडला, पुन्हा मांडला. शाळेचा पत्रा १५ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे १२० चौरस मीटर. १० मिलिमीटरची एक सर आली तर त्या पत्र्यावर १,२०० लिटर पाणी पडते. तिसरीतला एक मुलगा बोटे मोजून म्हणाला, "बाई, म्हंजी ऐंशी हंडे!" त्याने हंडा १५ लिटरचा धरला होता. त्याची आई रोज अर्धा कोस चालून चार हंडे आणते. ऐंशी हंडे डोक्यावरून वाहून जमिनीत गेले, हे त्याला पुस्तकातून कळले नसते. पुढच्या पावसाळ्यापूर्वी पत्र्याला पन्हळ लागली आणि खाली टाकी बसली. ती टाकी आपल्या देणग्यांतून आली आहे. पण तिची मागणी मुलांनी केली, आणि ती करताना हिशेबाचा कागद पुढे ठेवला.

विहिरीचे पाणी मोजण्यासाठी आम्ही पक्का कठडा असलेली एकच विहीर निवडली. तिथे मूल एकटे जात नाही. शिक्षक किंवा वस्तीतले जाणते माणूस बरोबर असल्याशिवाय दोरी सोडायची नाही, हा नियम पहिल्या पानावर लिहिला आहे. दोरीला वजन बांधलेले, दर अर्ध्या मीटरला गाठ. आठवड्यातून एकदा सोडायची, गाठी मोजायच्या.

पहिल्या वर्षी फेब्रुवारीत पिंपळाखाली वस्तीची बैठक होती. चौथीतली भिल्ल समाजाची एक मुलगी वही घेऊन उभी राहिली आणि तिने दिवाळीपासूनचे आकडे वाचले. आवाज थरथरत होता, पण आकडे स्पष्ट होते. पाणी दर महिन्याला किती गाठी खाली गेले, ते सर्वांनी ऐकले. एक बागायतदार हसून म्हणाले, "पोरांच्या दोरीवर गाव चालतं का?" मुलगी खाली बसली. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ स्वतःचा टेप घेऊन विहिरीवर गेले, असे मला नंतर कळले. त्यांनी मोजून पाहिले. बोलले काही नाहीत. पण त्यानंतर ती मुलगी रस्त्याने दिसली की ते गाडी थांबवून विचारायचे, "काय गं, किती गाठी?"

या एका वहीने गावचे बोअर थांबले, उसाचे क्षेत्र कमी झाले, असे मी आपल्याला सांगणार नाही. तसे झालेले नाही. तसे काम मोठ्या माणसांनी करायचे असते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ते करून दाखवले. तिथे पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, उसासारखी पाणी पिणारी पिके बाजूला ठेवली आणि दर वर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची रीत पाडली. पाऊस किती त्यावर पीक ठरते. आमच्या मुलांची वही अजून त्या जागी पोहोचलेली नाही. पण ताळेबंद मांडायचा तर आधी नोंद हवी, आणि या वस्तीवर नोंद आता आहे.

दुसरे काम रोपवाटिकेचे. इथे आमची गुराखी मुले गुरू झाली. बाभळीचे बी कठीण कवचाचे, नुसते पेरले तर लवकर उगवत नाही. आम्ही पुस्तकात वाचून गरम पाण्यात भिजवायच्या तयारीत होतो. शेळ्या राखणारा एक मुलगा म्हणाला, "कशाला बाई? शेरडांच्या वाड्यातलं घ्या. ते लगेच येतं." शेळ्या शेंगा खातात, रवंथ करताना बी बाहेर टाकतात, ते भिजून मऊ झालेले असते. वाड्यातल्या लेंड्यांत ते फुकट मिळते. त्या मुलाला अजून जोडाक्षरे नीट येत नाहीत. पण रोपवाटिकेचा प्रमुख तोच झाला, आणि पाटीवर "प्रमुख" हा शब्द लिहिण्यासाठी त्याने जोडाक्षर शिकून घेतले.

बाभूळ, बोर, करंज, कडुनिंब, चिंच, सीताफळ एवढीच झाडे आम्ही धरली. सगळी इथल्या कोरड्या हवेत तगणारी. बोराची करपलेली बीसुद्धा इनामगावच्या त्या जुन्या घरांत सापडली आहे. हे मुलांना सांगितले तेव्हा त्यांना फार मौज वाटली. आपल्या हातातले बोर त्या काळची पोरे खात होती! गुलमोहर लावू नका असे आम्ही म्हटले नाही, पण "शेळी कशाखाली बसते, पाखरू कशावर घरटे करते, आई कशाचे फळ विकते?" असे विचारले. यादी मुलांनीच केली.

झाड लावताना नियम एकच : ज्याच्या घरापासून झाडापर्यंत मे महिन्यात पाणी न्यायला कोणी आहे, त्याच्याच दारात ते लावायचे. शाळेच्या आवारात थोडी, दारांत जास्त. घर वीटभट्टीवर गेले तर शेजारच्या मुलाकडे झाड सोपवायचे आणि वहीत तसे लिहायचे. हे सोपवणे मुलांनी स्वतः काढले. "मी दिवाळीपासून नाही. माझी चिंच अमक्याकडे." अशी ओळ वहीत सापडली की मला गलबलून येते. कारण ते मूल परत येणार आहे, असा त्याचा अर्थ असतो. शिक्षक सांगतात की ज्यांची झाडे आहेत ती मुले परत आल्यावर आधी झाडाकडे जातात आणि मग त्याच पावलांनी वर्गात येतात. मी याचा आकडा देत नाही. आमची वस्ती लहान आहे आणि चारदोन मुलांवरून मोठा दावा करणे बरे नव्हे.

जशी आमची मुले जातात, तशी दुसरी मुले येतात. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या या भागात उतरतात, फडाजवळ कोप्या पडतात. त्या कोप्यांकडे पाहून मला उत्खननातल्या गोल झोपड्या आठवतात. बीडकडची, नगरकडची ती मुले पाचसहा महिने इथे असतात. आमच्या मुलांनी त्यांनाही वहीत पाळी दिली. मार्चअखेरीस पट्टा पडला तेव्हा त्यांतला एक मुलगा बाटलीचे पर्जन्यमापक कापडात गुंडाळून गावी घेऊन गेला. त्याने तिथे ते बसवले की नाही, मला माहीत नाही. पण नेताना त्याने ते ज्या जपणुकीने धरले होते, ते मी पाहिले.

तिसरे काम रानभाज्यांचे आणि बियाण्यांचे. पाऊस पडून पंधरा दिवस झाले की बांधावर घोळ, तांदुळजा, पाथरी, कुर्डू, टाकळा उगवतो. वस्तीतल्या आज्या त्या खुडतात. मुलांनी पाने दाबून वाळवली, वहीत चिकटवली, खाली दोन नावे लिहिली : एक मराठी आणि एक त्यांच्या घरच्या बोलीतले. ज्या बोलीला शाळेत कधी जागा नव्हती, ती पहिल्यांदा वहीत आली. आजीने हो म्हटल्याशिवाय कोणतेही पान तोंडात घालायचे नाही, हा इथला नियम.

याबाबत दोन नावे मी मुलांना नेहमी सांगते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजाच्या. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी वाल, घेवडा, भात अशा पिकांची गावठी बियाणी घरात जपली, बियाणे बँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दुसरे गाव धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले बारीपाडा. तिथल्या आदिवासी लोकांनी चैत्राम पवार यांच्यासोबत आपले जंगल राखले आणि रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा सुरू केली. आमच्या मुलींना जेव्हा कळते की न शिकलेल्या बाईच्या बियाण्याच्या मडक्याला देशाने मान दिला, तेव्हा त्या घरी जाऊन आजीचे मडके उघडून बघतात.

बंधुभगिनींनो, याच शिरूर तालुक्यात वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा आहे. काचेच्या वर्गखोल्या आणि झिरो एनर्जी शाळा म्हणून तिचे नाव दूरवर गेले. गावकऱ्यांनी शाळेसाठी हात सैल केला, तेव्हा ते घडले. आमच्याकडे तसे गाव नाही. आमच्याकडे भूमिहीन वस्ती आहे. तरीही मी म्हणते की मुलांनी चालवलेले काम पत्र्याच्या शाळेतही होते, कारण त्याला लागते ती वही, दोरी, बाटली आणि ऐकून घेणारे मोठे माणूस. यांतले शेवटचे सर्वांत महाग पडते.

"मुलांनी चालवलेले" म्हणजे काय, याविषयी थोडे स्पष्ट बोलते. मुलांकडून कामे करून घेणे म्हणजे मुलांचे नेतृत्व नव्हे. मुले खड्डे खणत असतील आणि निर्णय आपण घेत असू, तर त्याला मजुरी म्हणावे. आमच्या मुलांच्या डोक्यावर घरचेच काम पुष्कळ आहे, विशेषतः मुलींच्या. म्हणून आम्ही स्वतःला तीन प्रश्न विचारतो. काय मोजायचे, काय लावायचे, हे मुलांनी ठरवले का? त्यांनी सांगितलेले मोठ्यांनी एकदा तरी ऐकून त्याप्रमाणे काही केले का? आणि हे काम मुलाच्या खेळाच्या वा अभ्यासाच्या वेळेवर किंवा जिवावर तर उठत नाही ना? तीनही उत्तरे बरी आली तरच ते काम पुढे न्यायचे.

फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याच मंडळीचे आणि शेजारच्या नगरचे. फुले आणि मुले ही जोडी आपल्या ख्रिस्ती मंडळींना नवी नाही. पण नुसते कौतुक करून फूल टिकत नाही, त्याला पाणी लागते.

आता आपल्याकडे मागणे. या वर्षी काही मंडळ्यांनी शाळेच्या भिंतीवर दात्यांच्या नावाची फरशी बसवण्याविषयी विचारले आहे. त्यांच्या प्रेमाबद्दल आम्ही ऋणी आहोत. तरीही माझी नम्र विनंती आहे की ती रक्कम उन्हाळ्यासाठी द्यावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असते, झाडे तहानलेली असतात आणि वस्तीवर राहिलेल्या मुलांना दुपारचे शाळेतले जेवण मिळत नाही. त्या दिवसांत वस्तीतल्याच एका बाईला मानधन देता आले, तर ती मुलांबरोबर सकाळी दोन तास राहील, झाडांना पाणी घालून घेईल, नोंद होते की नाही पाहील, आणि मुलांना पोटभर खायला घालील. त्याशिवाय धातूचे एक चांगले पर्जन्यमापक, चार जाड वह्या, पन्हळीच्या दुरुस्तीचे सामान एवढे हवे आहे. यांतल्या कशावरही कोणाचे नाव कोरता येणार नाही. पण मे महिन्यात चिंचेचे रोप जगले, तर कोणामुळे जगले हे मुलांना माहीत असेल.

आणखी एक मागणे पैशाचे नाही. आपापल्या मंडळीत शब्बाथ शाळा चालते. तिथल्या मुलांनीही बाटलीचे पर्जन्यमापक करावे आणि महिन्यातून एकदा आपल्या पावसाचा आकडा पोस्टकार्डावर लिहून इथल्या मुलांना पाठवावा. पुण्यात किती, मुंबईत किती, सोलापुरात किती. इथली मुले आपला आकडा उलट टपाली कळवतील. त्यांना कोणी आजवर पत्र लिहिलेले नाही. ज्यांना आपण नेहमी "लाभार्थी" म्हणतो, त्यांच्याकडून आपल्या मुलांना काही शिकायला मिळेल. शेळीच्या वाड्यातल्या बाभळीच्या बियांची गोष्ट शहरातल्या मुलांना दुसरे कोण सांगणार?

परतीच्या वाटेवर आपण शाळेत थांबणार आहोत. मुले गाणे म्हणतील, फुले देतील, ती आनंदाने घ्या. पण नंतर त्यांच्याकडे वही मागा. ज्याची आज पाळी आहे तो तुम्हाला आजचा आकडा दाखवील. पाऊस शून्य असेल, कारण दिवस तसे आहेत. शून्यही ती रोज लिहितात. विहिरीच्या रकान्यावर बोट ठेवून विचारा, "हे किती खाली गेले?" आणि उत्तर संपेपर्यंत ऐका.

देव आपणां सर्वांचे आणि या लेकरांचे भले करो.